मीटर बारा दाखवतो, इंजिन हलत नाही: मॉडेल रेल्वेच्या वायरिंगमधला बिघाड कसा शोधावा

सेलूहून भाच्याचा फोन आला. "मामा, मीटर तर बारा दाखवायलंय, पण इंजिन हलंनाच. इंजिनच गेलं का काय?" इंजिन ठीक होतं. व्होल्ट मोजणारा मीटरही ठीक होता. बिघाड एका फिशप्लेटमध्ये, म्हणजे रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या पट्टीत होता, आणि तो सापडत नव्हता कारण मोजण्याची रीतच चुकत होती. ही एकच गोष्ट नीट समजली, तर लेआउटच्या, म्हणजे फळीवर मांडलेल्या रेल्वेच्या, वायरिंगमधले निम्म्याहून जास्त बिघाड अर्ध्या तासात सापडतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ज्याने शेतात ठिबक केलंय त्याला हे लगेच उमजेल. लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीच्या, शेवटाला बूच लावून तिथे दाब मोजला, तर तो पूर्ण दिसतो, कारण पाणी वाहतच नसतं. बूच काढून पाणी वाहू द्या. मध्ये कुठे नळी चेपली असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर दाब त्याच क्षणी बसतो. मीटरचंही असंच आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे गंजलेल्या जोडापलीकडेही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. इंजिनाने पाव-अर्धा अँपिअर मागितला की तेच १२ व्होल्ट चार-पाचावर येतात.

मीटरच्या बझरवरही डोळे झाकून विसंबू नका. साधे मीटर २०-३० ओहमपर्यंतच्या अडथळ्यालाही 'टुंऽऽ' करतात. २० ओहमचा जोड म्हणजे ०.३ अँपिअरला ६ व्होल्ट गिळणारा जोड. बझर वाजला म्हणजे वाट आहे एवढंच कळतं, वाट चांगली आहे की नाही ते कळत नाही.

आधी एक बल्ब आणा

मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात १२ व्होल्ट, ५ वॅटचा पार्किंग लाइटचा बल्ब मिळतो. त्याला दोन हातभर वायरी जोडा आणि टोकाला मगरचिमटे लावा. हा बल्ब ०.४ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे एका इंजिनाएवढा. आता रुळांवर मीटरचे प्रोब टेकवताना त्याच ठिकाणी हा बल्बही लावायचा. बल्ब पेटलेला असताना जो आकडा दिसतो, तोच खरा. कंट्रोलरच्या, म्हणजे रुळांना वीज देऊन गाडीचा वेग ठरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी बल्बसकट १२ असेल आणि लांबच्या कोपऱ्यात ११.५ असेल, तर काळजी नाही. तिथे ९ दिसले तर मधल्या वाटेत कुठेतरी ३ व्होल्ट अडकले आहेत, आणि ते शोधणं हेच आपलं काम. माझ्या मते महागड्या मीटरपेक्षा हा बल्ब जास्त उपयोगाचा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पक्की करा. २३० व्होल्ट लेआउटच्या फळीखाली येता कामा नयेत. ॲडाप्टर आणि ट्रान्सफॉर्मर भिंतीजवळच्या बोर्डावर राहू द्या, टेबलाकडे फक्त कमी व्होल्टेजची वायर येऊ द्या. ॲडाप्टर बिघडला तर तो उघडून बघू नका, बदला. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर बिघाड शोधायला बसू नका. अशा इन्व्हर्टरवर जुना ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो, आणि आधीच्या गोंधळात आणखी एका संशयिताची भर पडते.

बिघाड कोणत्या जातीचा, ते ठरवा

हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि वहीत लिहा. गाडी नेमकी कुठे थांबते? दोन्ही दिशांना तिथेच थांबते का? कंट्रोलरचा लाल दिवा लागतो का? दुसरं इंजिनही तिथेच अडतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. दुसरं इंजिन सहज निघून गेलं, तर वायरिंगला हात लावू नका. बिघाड पहिल्या इंजिनात आहे. चाकांवर काळा थर बसलेला असतो. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत कापसाचा बारीक तंतू हवेतूनही खोलीत येतो आणि धुरीभोवती गुंडाळून बसतो. चिमट्याने ओढून काढा.

दोन्ही इंजिनं अडत असतील, तर तीनच शक्यता उरतात. वाट तुटली आहे: सगळं शांत, कंट्रोलर ठीक, पण त्या भागात काहीच नाही. वाट अडखळते आहे: गाडी हळू होते, बोटाने ढकलली की चालते, दिवे लुकलुकतात. किंवा दोन वाटा एकमेकींना भिडल्या आहेत, म्हणजे शॉर्ट, आणि कंट्रोलर ट्रिप होतो. पहिल्या दोन जाती बल्बने शोधायच्या. तिसरीसाठी पुरवठा बंद करून बझर.

वाट तुटली किंवा अडखळली

रूळ आधी पुसून घ्या. काळ्या मातीचा धूळथर आणि चाकांखालच्या बारीक ठिणग्यांची काजळी मिळून एक चिवट पापुद्रा तयार होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड पुरेसं आहे. पुसताना पुरवठा बंद ठेवा. हॅंड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन रुळावर बसून राहतं. सॅंडपेपर तर नकोच. त्याचे ओरखडे पुढच्या धुळीला घर करून देतात.

पुसूनही फरक पडला नाही, तर कंट्रोलरपासून बल्ब घेऊन निघा. रुळावर थेट लांबच्या कोपऱ्यात जा, मग मधोमध या. मधोमध ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग संशयित, नसेल तर मागचा. त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करा. आठ फीडर, म्हणजे फळीखालून रुळाला वीज देणाऱ्या छोट्या वायरी, असतील तर तीन वेळा मोजून बिघाड एका फीडरच्या हद्दीत येतो. सुरुवातीपासून एकेक जोड तपासत जाणारा माणूस तिथे पोचेपर्यंत कंटाळून उठतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

हद्द कळली की फिशप्लेटच्या अलीकडे आणि पलीकडे मोजा. बल्ब पलीकडच्या भागात पेटता ठेवा. मीटरचा एक प्रोब जोडाच्या या बाजूच्या रुळावर आणि दुसरा त्याच रुळाच्या त्या बाजूला ठेवा. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतं. इथे ३ व्होल्ट दिसले, तर गुन्हेगार तुमच्या बोटाखालीच आहे. भाच्याकडे असंच निघालं. एका वळणावरच्या फिशप्लेटमध्ये खडी चिकटवायचा फेव्हिकॉल शिरला होता.

फिशप्लेट रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असते. वीज नेण्याचं काम तिच्यावर टाकू नये. मॉडेलचे रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे असतात. ही धातू विजेला तांब्यापेक्षा सुमारे पंधरा पट जास्त अडवते, त्यात प्रत्येक सैल जोडाची भर पडते. म्हणून ठिबकचीच रचना करा: फळीखालून जाड मेन लाइन आणि जागोजागी वर येणारे लॅटरल. माझ्याकडे मेनला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, घरातल्या पॉइंटला वापरतात तीच. पाच मीटर जाऊन परत यायला तिचा अडथळा ०.१२ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे २ अँपिअरला पाव व्होल्टसुद्धा जात नाही. टेलिफोनसारखी बारीक वायर मेनला लावलीत, तर तेवढ्याच लांबीत दीड-दोन व्होल्ट सहज जातात. फीडर मात्र ०.५ ची वितभर वायर असली तरी चालते. दर मीटरला एक जोडी द्या, आणि शक्य असेल तर रुळाचा प्रत्येक तुकडा स्वतःच्या फीडरवर जगू द्या.

आता डाखेबद्दल, म्हणजे सोल्डरिंगबद्दल. घरात कल्हईवाला येऊन गेलेला ज्यांना आठवतो, त्यांना नवसागराचा धूरही आठवत असेल. भांड्यासाठी नवसागर योग्य, वायरीसाठी घातक. नवसागर किंवा ॲसिडचा फ्लक्स मागे राहिला, तर दोन पावसाळ्यांत जोड हिरवा पडून सुटतो. वायरीसाठी राळेचाच फ्लक्स हवा, आणि पोटात राळ असलेली ६०/४० ची डाख. रूळ आणि वायर दोन्ही आधी वेगवेगळे टिन करा, म्हणजे डाखेचा पातळ थर द्या, मग एकमेकांवर धरून दोन सेकंद तापवा. चांगला जोड चकचकीत दिसतो आणि धातूवर पसरलेला असतो. मळकट, दाणेदार, थेंबासारखा उभा राहिलेला जोड म्हणजे थंड डाख. ती बझर वाजवते आणि बल्ब मंद करते. असा जोड दिसला की तो तपासत बसू नका, सरळ पुन्हा करा.

वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळायची सवय सोडा. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप घसरते आणि उघडी तांब्याची टोकं एकमेकांना भेटतात. स्क्रूच्या कनेक्टर पट्ट्या किंवा डाख देऊन वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), हे दोनच उपाय मी मानतो. पट्टीचा आणखी मोठा फायदा असा की बिघाड शोधताना स्क्रू सैल करून एकेक भाग वेगळा करता येतो.

शॉर्ट

शॉर्ट शोधताना पुरवठा बंद करा आणि कंट्रोलरच्या दोन्ही वायरी सोडवा. मग सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे रुळावरून उचला, एकही ठेवू नका. इंजिनाच्या मोटारीचा अडथळा काही ओहमच असतो, त्यामुळे एक इंजिन राहिलं तरी बझर वाजतो आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसता. पुष्कळदा इंजिन उचलताच बझर थांबतो. मग रूळ निर्दोष आहेत.

अजूनही वाजत असेल तर पुन्हा अर्धं-अर्धं. मेन लाइन मधोमध पट्टीवर सोडा. इथे एक अडचण येते. फीडर काढला म्हणून तो भाग वेगळा होत नाही, कारण रूळ शेजारच्या भागाला फिशप्लेटने जोडलेले असतात. म्हणून लेआउट बांधतानाच चार-पाच ठिकाणी प्लास्टिकच्या फिशप्लेट घालून भाग पाडून ठेवा. आज खर्च वाटेल, पण बिघाडाच्या दिवशी त्यांचीच आठवण येईल.

संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. खडी टाकताना पडलेला वायरीचा बारीक केस. रुळाखालून आडवा गेलेला खिळा. फळीखाली उंदराने कुरतडलेली जोडवायर. एका फीडरची लाल-काळी अदलाबदल. आणि सगळ्यात जास्त वेळा, सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा.

सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला फ्रॉग म्हणतात, आणि त्याचे दोन प्रकार असतात. प्लास्टिकचा निर्जीव फ्रॉग शॉर्ट सहसा करत नाही, पण छोटी इंजिनं त्यावर अडतात. बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल. ती लाइन ७६२ मिलिमीटर गेजची होती. १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरतं, म्हणून ९ मिलिमीटरचे रूळ वापरावे लागतात. त्यावर धावणारं इंजिन एवढं आखूड असतं की त्याची चाकं एकाच वेळी निर्जीव फ्रॉगवर येतात आणि ते तिथेच बसतं. अशांना सजीव, म्हणजे धातूचा, फ्रॉगच हवा. सजीव फ्रॉग सांधा फिरवला की आपली बाजू बदलतो. म्हणून फ्रॉगच्या पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लास्टिकची फिशप्लेट अनिवार्य आहे. ती विसरलात तर सांधा एका बाजूला असताना सगळं ठीक चालतं आणि दुसऱ्या बाजूला फिरवताच कंट्रोलर ट्रिप होतो. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधूच नका.

सांध्याची सरकणारी पाती बाहेरच्या रुळाला टेकून फ्रॉगला वीज देतात. तिथे धूळ किंवा गोंद बसला की फ्रॉग कधी मरतो, कधी जगतो. पुसणं हा तात्पुरता इलाज आहे. कायमचा इलाज म्हणजे सांधा फिरवणाऱ्या पॉइंट मोटारीला लावलेला छोटा स्विच, जो फ्रॉगला योग्य बाजूची वीज देतो.

आणि गाडी सांध्यावरून जातानाच शॉर्ट होत असेल, पण रूळ रिकामे असताना बझर गप्प असेल, तर वायरी सोडून चाकं मोजा. एचओ (१:८७ प्रमाणाच्या) गाडीच्या धुरीवर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास असावं लागतं. ते कमी असेल, तर चाकाची पाठ मोकळ्या पातीला घासते आणि क्षणभर शॉर्ट होतो.

दुपारी दोनचा शॉर्ट

माझा लेआउट परभणीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. पूर्णा जंक्शनचे मीटरगेजचे दिवस डोळ्यांसमोर ठेवून मी तो बांधतो आहे. एका मे महिन्यात सकाळी सगळं सुरळीत चालायचं आणि दुपारी दोनच्या सुमारास कंट्रोलर ट्रिप होऊ लागायचा. संध्याकाळी पुन्हा ठीक. कंट्रोलर तापतो असं समजून मी त्याच्यासमोर पंखा लावला, मग ॲडाप्टर बदलला. काहीच फरक नाही. शेवटी भर दुपारी, बिघाड हजर असतानाच, अर्धं-अर्धं करायला बसलो. फक्त लूप लाइनचा सांधा फिरवलेला असतानाच बझर वाजतो, हे पहिल्यांदा तेव्हा लक्षात आलं. फ्रॉगपुढच्या रुळावर मी प्लास्टिकची फिशप्लेट न घालता करवतीने अर्ध्या मिलिमीटरचा काप घेतला होता. भिंगातून पाहिलं तर काप मिटलेला.

निकेल सिल्व्हर दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढतं. त्या सांध्यापुढे तीन मीटरचा सरळ रूळ होता. सकाळचे ३० अंश आणि पत्र्याखालचे दुपारचे ४६, म्हणजे १६ अंशांचा फरक. गुणाकार केला तर ०.८ मिलिमीटर. दुसरं टोक घट्ट खिळलेलं होतं, त्यामुळे सगळी वाढ कापाच्या दिशेने सरकली.

इलाज सोपा होता. एटीएमच्या जुन्या कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. काप तेवढा रुंद करून कार्डाचा तुकडा सुपरग्लूने बसवला आणि वाळल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासला. सरळ रुळावर दर मीटरला साध्या फिशप्लेटच्या जोडात थोडी फट ठेवली आणि त्या फटीवरून मऊ वायरीचा पूल दिला, म्हणजे रूळ सरकला तरी वीज तुटत नाही. तेव्हापासून प्रत्येक कापात मी प्लास्टिक भरतोच. पत्र्याखाली लेआउट असणाऱ्या प्रत्येकाने हे आजच करावं. वेळेनुसार येणारा-जाणारा बिघाड असेल, तर तो हजर असतानाच शोधा, निवल्यावर तो सापडत नाही.

बलून लूप आणि त्रिकोण

गाडी फिरून त्याच रुळावर उलट दिशेने परत येते, तिथे डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो, आणि शॉर्ट ठरलेलाच. शंका असेल तर एका मालडब्याच्या डाव्या बाजूला लाल कागद चिकटवा आणि तो हाताने पूर्ण लेआउटवर ढकला. सुरुवातीच्या ठिकाणी परत येताना लाल बाजू उजवीकडे दिसली, तर तिथे उलटफेर आहे. त्या भागाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा. आतला भाग तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब असू द्या. त्याला विजेची बाजू उलटवणारा स्वतंत्र डीपीडीटी स्विच किंवा डीसीसीत (डिजिटल नियंत्रणात) ऑटो रिव्हर्सर द्या.

पॉइंट मोटारी आणि डीसीसी

सोलेनॉइडच्या पॉइंट मोटारी क्षणभर पण भरपूर करंट मागतात. लांबची मोटार अर्धवट फिरत असेल, तर तिथेही बारीक वायरच दोषी. वायर जाड करा आणि साठवलेली वीज एका झटक्यात देणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावा. त्याने बटण दाबून राहिलं तरी कॉइल जळत नाही. दोन कंट्रोलर एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालवून कॉमन रिटर्न, म्हणजे परतीची एकच सामाईक वायर, कधीही करू नका. कॉमन रिटर्नसाठी दोघांचे पुरवठे एकमेकांपासून पूर्ण वेगळे हवेत.

डीसीसीत रुळावर सतत १४-१६ व्होल्टचा उलटसुलट होणारा चौकोनी सिग्नल असतो. साध्या मीटरचा एसी आकडा तिथे अचूक येत नाही, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. डीसीसीची खरी परीक्षा नाण्याने. सगळी इंजिनं उचला आणि एक रुपयाचं नाणं दर फूटभर अंतरावर दोन्ही रुळांवर क्षणभर आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर, म्हणजे रुळाला डीसीसीची वीज देणारा डबा, लगेच ट्रिप झाला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो झाला नाही, तर तिथल्या वाटेतला अडथळा जास्त आहे. खरा शॉर्ट होईल त्या दिवशी चार-पाच अँपिअर तिथे वाहतच राहतील आणि प्लास्टिक वितळेल. तिथे आधी एक फीडर वाढवा, मग नाणं पुन्हा ठेवा.

बिघाड निघाला की त्याच जागी बल्ब लावून पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसकट वहीत लिहा. फळीखाली प्रत्येक वायरीवर कागदी पट्टीने नंबर द्या, पेनने नव्हे तर पेन्सिलीने. पेनची शाई पावसाळ्यात पसरते आणि पुढच्या मे महिन्यात नंबर वाचता येत नाहीत.